साडेनऊ तासांत १७ मिनिटं

मे महिना लागला की गोंदियात दोनच विषय असतात. ऊन आणि लग्नं. लग्नाच्या पंगतीत मग तिसरा विषय हळूच निघतो. "मग, यंदा पोरांना कुठं नेता?" विचारणाऱ्यानं स्वतः कुठंतरी बुकिंग केलेलं असतं, म्हणून तो विचारतो. आपण पापड मोडत "बघू" म्हणतो. पण शेजारी बसलेल्या पोरानं ते ऐकलेलं असतं, आणि घरी गेल्यावर विषय संपत नाही.

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. एरवी मी धानाच्या बोनसवर, रस्त्यांवर, नगर परिषदेवर लिहितो. आज झुल्या-पाळण्यांवर लिहितोय म्हटल्यावर काही मित्र हसतील. हसू द्या. जिथं हजारो माणसं एका दारातून आत जातात, पैसे आधी मोजतात आणि उरलेला दिवस रांगेत काढतात, ती जागा खासगी असली तरी तिथला प्रश्न सार्वजनिक आहे, असं माझं मत आहे.

आपल्या जिल्ह्यात पाहायला काही नाही असं कोणी म्हणू नये. नागझिरा आहे, नवेगावबांध आहे, पावसाळ्यात दरेकशाजवळचा हाजराफॉल आहे. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. पाहुणे आदल्या दिवशीच येऊन पडतात, आकाशपाळणा लागतो, रात्री दंडार नाहीतर नाटक. आमची पिढी त्यावरच वाढली. मुंबईच्या गोराईत १९८९ साली एस्सेल वर्ल्ड सुरू झालं, त्याची टीव्हीवरची जाहिरात आम्हाला तोंडपाठ होती. जाणं मात्र झालं नाही, आणि २०२२ पासून ते बंदच आहे. आताच्या पोरांच्या हातात मोबाईल आहे. रोलर कोस्टर उलटा फिरताना ते रोज पाहतात. त्यांना मंडईचा पाळणा दाखवून "हाच तो" म्हणता येत नाही.

मग पर्याय काय? नागपूरकडचे वॉटर पार्क. रेल्वेनं नागपूर १३० किलोमीटर. दुसऱ्या बाजूला रायपूर. दूर जायचं तर १९९६ पासून चालू असलेली हैदराबादची रामोजी फिल्म सिटी, किंवा रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळचं इमॅजिका, जे २०१३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. गोंदियाहून मुंबई रेल्वेनं हजार किलोमीटरला थोडी कमी. म्हंजे आपल्याकडच्या माणसासाठी "एक दिवसाची सहल" ही निदान तीन दिवसांची असते. तो मधला एक दिवस वाया गेला तर पुढची पाच वर्षं कोणी नाव काढत नाही. मुंबई-पुण्याच्या माणसाला "पुढच्या रविवारी परत येऊ" म्हणता येतं. आपल्याला नाही. म्हणून नियोजन आपल्याला जास्त लागतं, आणि करतो आपण सगळ्यात कमी.

दोन वर्षांमागं मेहुण्यानं एक सहल ठरवली होती. मे महिना, रविवार, बारा माणसं, भाड्यानं घेतलेली एक गाडी आणि एक वॉटर पार्क. नाव लिहीत नाही, कारण त्या दिवशी तिथं जे झालं ते मेच्या रविवारी कुठल्याही पार्कात झालं असतं. माझी पोरगी तेव्हा अकरा वर्षांची. तिला वाढदिवसाला नवीन डिजिटल घड्याळ मिळालं होतं, स्टॉपवॉचवालं. तिनं दिवसभर सगळं मोजलं आणि परतीच्या प्रवासात गाडीतच हिशेब वाचून दाखवला. पार्कात साडेनऊ तास. रांगांमध्ये ५ तास १० मिनिटं, त्यात जेवणाची रांग आली. घसरगुंडीवर किंवा झुल्यात प्रत्यक्ष बसलेला वेळ १७ मिनिटं. उरलेला वेळ लाटांच्या तळ्यात, कपडे बदलण्यात, लॉकरची किल्ली सांभाळण्यात आणि एकमेकांना शोधण्यात.

गाडीत कोणी बोललं नाही. मेहुण्यानं गाणी लावली.

बारा जणांचा खर्च माझ्या एका महिन्याच्या मानधनाच्या घरात गेला होता. तिकिटावर १८ टक्के जीएसटी वेगळा. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हा कर २८ टक्के होता, २०१८ च्या जानेवारीत १८ वर आणला. तोही भरला आणि १७ मिनिटं मिळाली. पार्कवाल्यानं फसवलं असं मी म्हणत नाही. त्यानं झुले लावले होते, ते चालू होते, पाणी स्वच्छ होतं. पण त्या दिवसानंतर मी रांग या गोष्टीचा अभ्यास सुरू केला. पत्रकाराचा स्वभाव, दुसरं काय.

रांगेत शिरण्याआधी आपण तिची लांबी पाहतो आणि घाबरतो, किंवा छोटी दिसली म्हणून खूश होतो. पाहायची असते गती. दोन मिनिटं बाजूला उभं राहायचं. एका फेरीत किती माणसं बसतात ते मोजायचं. एक फेरी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती मिनिटं जातात ते पाहायचं. समजा एका फेरीला २४ माणसं आणि दर चार मिनिटांनी फेरी. म्हंजे तासाला ३६० माणसं. तुमच्यापुढे १८० असतील तर अर्धा तास. आता शेजारी एक छोटी राइड आहे, तिच्यापुढे फक्त ४० माणसं आहेत, पण एका फेरीला चारच जण आणि फेरी पाच मिनिटांची. तिथं पन्नास मिनिटं जातील. लोक दुसऱ्या रांगेत शिरतात, कारण ती छोटी दिसते. उलट नाट्यगृहासारखा बंदिस्त शो असतो, त्याच्या दारात दोनशे माणसं दिसली तरी दार उघडलं की दोनशे एकदम आत. भर दुपारी बाहेर सगळीकडे गर्दी असते तेव्हा असे शो गाठायचे. बसायला मिळतं, पंखा नाहीतर एसी मिळतो आणि म्हाताऱ्या माणसालाही सोबत घेता येतं.

दुसरं म्हंजे पहिला तास. पार्क उघडतो तेव्हा सगळी माणसं एकदम आलेली नसतात, दोन-तीन तास येत राहतात. म्हणून पहिल्या तासात जेवढं होतं तेवढं दुपारच्या तीन तासांत होत नाही. आणि गेटातून शिरलेला माणूस समोर दिसणाऱ्या पहिल्या राइडला थांबतो, हा मनुष्यस्वभाव. आपण सरळ सगळ्यात मागं जायचं, सगळ्यात मोठ्या राइडकडे, फोटो न काढता. फोटो संध्याकाळी काढा, तेव्हा उजेडही चांगला असतो. जेवण साडेअकराला नाहीतर अडीचला. एकला जेवायला गेलात की अर्धं महाराष्ट्र तुमच्यापुढे ताट घेऊन उभं.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट तारीख आहे, आणि तिथं आपल्या विदर्भाच्या माणसाकडे एक हुकमाचा एक्का आहे जो कोणी वापरत नाही. आपल्याकडच्या उन्हामुळं विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये राज्यातल्या शाळा १६ जूनला उघडल्या, आपल्या २३ जूनला. म्हंजे मधला एक आठवडा मुंबई, पुणे, नाशिकची पोरं वर्गात आणि आपली पोरं मोकळी. त्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार. मेच्या रविवारी जिथं पाय ठेवायला जागा नसते तिथं त्या दिवशी कोण असणार? शिवाय मोठ्या पार्कांचे दर तारखेप्रमाणं बदलतात, मधल्या वारी बरेचदा कमी असतात. ज्या उन्हाच्या नावानं आपण दोन महिने बोटं मोडतो, त्यानंच हा आठवडा दिला आहे.

त्यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. जूनमध्ये कोकणात पाऊस असतो, आणि खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे. वीज चमकली किंवा पाऊस जोरात आला की उघड्यावरच्या राइड थांबवतात. त्या आठवड्यात जाणं हा जुगारच आहे. मला विचाराल तर मेच्या रविवारपेक्षा बरा जुगार. तिथं तर आपण हरणार हे आधीच ठरलेलं असतं.

आम्ही गेल्या जूनमध्ये त्याच आठवड्यात गेलो, मधल्या वारी. मी, बायको, तेरा वर्षांची पोरगी, सात वर्षांचा पोरगा आणि आई. आई आधी तयार नव्हती. एकोणसत्तर वय, गुडघे दुखतात. "मी कायले येऊ बाबू? मले का झुल्यावर बसाचा आहे?" असं म्हणून तिनं विषय संपवला होता. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या नावानं बंद झाली. त्याआधी ५८ च्या पुढच्या बाईला अर्धं तिकीट होतं, आता पूर्ण. आईनं तोही हिशेब केला होता, बोलली नाही एवढंच. मी म्हटलं, तू नाही आली तर आम्ही कोणीच जात नाही. मग आली.

आणि खरं सांगायचं तर त्या दिवसाचं अर्धं नियोजन तिचंच होतं. आमच्या लहानपणी ही बाई पंचवीस माणसांचा कबिला घेऊन मंडईला जायची. तिचे नियम ठरलेले. गेल्या गेल्या एक झाड दाखवायची, हरवलं की इथं यायचं, शोधत फिरायचं नाही. खाऊन निघायचं, तिथं फक्त चव घ्यायची. पैशाची पुरचुंडी एकाजवळ ठेवायची नाही. आणि सगळ्यात लहान पोर थकलं की मंडई संपली, मोठ्यांनी कुरकुर करायची नाही. अमेरिकेत डिस्नेलँड १९५५ साली उघडलं. तिथं दिवस कसा काढावा यावर लोक जाडजाड पुस्तकं लिहितात. त्यांतला सल्ला चाळला तर आईचे चारही नियम सापडतात, फक्त कडुनिंबाचं झाड नसतं.

विदर्भ एक्स्प्रेसनं गेलो, कल्याणला उतरलो. चुलतभाऊ बदलापूरला राहतो. (गोंदिया-भंडाऱ्याच्या बऱ्याच घरांचं कोणी ना कोणी कल्याण-बदलापूर नाहीतर पुण्यात असतंच, लाजू नका, फोन करा.) तो दिवस त्याच्याकडे आराम. प्रवासातून उतरून थेट पार्कात जाऊ नका. रात्रभराचा जागलेला सात वर्षांचा पोरगा दुपारी दोनला काय करतो ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी बदलापूरहून खोपोली लोकल, तिथून पाली रस्त्यानं रिक्षा. उघडण्याच्या अर्धा तास आधी गेटवर. तिकीट मोबाईलवर आधीच काढलेलं.

घरून निघण्याआधी एक काम केलं होतं, ते प्रत्येकानं करावं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं पोरांची उंची मोजली. जगभर मोठ्या रोलर कोस्टरना साधारण १२० ते १४० सेंटीमीटरची अट असते, राइडप्रमाणं कमीजास्त. पोरगा भरला ११६. म्हंजे नायट्रो नावाचा तो मोठा रोलर कोस्टर, ज्याचा व्हिडिओ तो झोपेतही पाहतो, त्याला मिळणार नव्हता. हे त्याला गोंदियातच सांगितलं. रडला. दोन दिवस रुसला. मग ज्या राइड मिळतील त्यांची यादी त्यानं स्वतः वहीत लिहिली. हे रडणं घरी झालं म्हणून बरं. तिथं पाऊण तास रांगेत उभं राहून, उंचीच्या पट्टीपाशी पोरगं परत पाठवलं की बापाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या वॉटर पार्कात दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं.

आत गेल्यावर आम्ही दोन टोळ्या केल्या. मी आणि पोरगी मागच्या मोठ्या राइडकडे, बायको आणि पोरगा लहान मुलांच्या झुल्यांकडे. आईची जागा ठरली, सावली, बाकडं, बाथरूम जवळ. सगळ्यांचं कडुनिंबाचं झाड म्हंजे आईच. तिच्याजवळ पाण्याच्या बाटल्या, कोरडे कपडे आणि एक कागद, ज्यावर कोण कुठं गेलं ते लिहायचं. पहिल्या तासात पोरगी नायट्रोवर दोनदा बसली, मी एकदा. एकदा पुरे होतं. भिजवणाऱ्या राइड एकत्र दुपारनंतर घेतल्या, म्हंजे कपडे एकदाच बदलायचे. त्यात एक राजासॉरस नावाची. राजासॉरस हा खरोखर भारतातला डायनासोर आहे, नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनासोरचे जीवाश्म सापडतात, हे पोरांना तिथं रांगेत उभं राहून सांगितलं तर पोरगा म्हणाला, "मग तिथं राइड काहून नाही?" मी म्हटलं, राइड राहू दे, आपल्या किती शाळांनी ती जागा पोरांना दाखवली तेच आधी विचार.

दुपारी पावसाची मोठी सर आली. उघड्यावरच्या राइड थांबल्या. आमच्यापुढचे दोघं-तिघं कर्मचाऱ्यावर चढले, पैसे दिले आहेत, चालू करा. तो पोरगा विशीतला, हात जोडून उभा होता. इथं माझं मत स्पष्ट आहे. राइड बंद करणाऱ्या माणसावर कधी ओरडू नका. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ चालू राइडचा खांब तुटला, माणसं वरून खाली आली, जीव गेले. ४ सप्टेंबर २०२२ ला मोहालीच्या जत्रेत उंच झुला वरून थेट जमिनीवर आदळला. तिथं कोणीतरी आधी "आज चालवत नाही" म्हणायला हवं होतं. आपल्या मंडईतल्या पाळण्याला तर पुष्कळदा मोजपट्टी नसते, पट्टा नसतो, आणि नटबोल्ट शेवटचा कोणी तपासला ते पाळणेवाल्यालाच ठाऊक. पोरांना बसवण्याआधी दोन फेऱ्या नुसत्या पाहा. आवाज ऐका. दांडा नीट लागतो का, चालवणारा प्रत्येकाचा दांडा हातानं ओढून बघतो का. नसेल बघत तर वीस रुपये वाचले म्हणा आणि पुढं चला.

पोरीचं घड्याळ याही वेळी होतं. पार्कात नऊ तास. रांगा २ तास ५ मिनिटं. राइडवर बसलेला वेळ ४८ मिनिटं, शो वेगळे. दिवस तोच, पोरगी तीच. फरक तारखेचा आणि थोड्या डोक्याचा.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली.

हल्ली मोठ्या पार्कांत दोन रांगा असतात. एक साधी, एक जादा पैसे देऊन घेतलेली. डिस्नेनं १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, सांगितलेल्या वेळी यायचं. कोरोनात बंद पडला आणि २०२१ मध्ये अमेरिकेत त्याच्या जागी पैसे देऊन घ्यायची सोय आली. जगभर पार्कवाले त्याच वाटेनं चालले आहेत, आपल्याकडेही. आम्ही गेलो त्या दिवशी त्याची गरजच पडली नाही, साध्या रांगेतही कुठं वीस मिनिटांच्या वर उभं राहिलो नाही. पण मेच्या रविवारी काय होतं, ते वरच्याच हिशेबानं पाहा.

२४ माणसांची फेरी, दर चार मिनिटांनी, तासाला ३६०. तुमच्यापुढे १८०, म्हंजे अर्धा तास. आता समजा २४ पैकी १२ जागा दर फेरीला पैशाच्या रांगेला दिल्या. तुमची रांग तासाला १८० नं सरकणार. तुमचा अर्धा तास एक तास झाला. राइड तीच, खुर्च्या तेवढ्याच, एकही फेरी वाढली नाही. मालकानं नवीन काही बनवलं नाही. तुमची तीस मिनिटं त्यानं दुसऱ्याला विकली, आणि तुम्हाला सांगितलंही नाही. शिवाय रांग जितकी लांब तितकी ही जादा चिठ्ठी जास्त खपणार. मग रांग कमी करण्यात त्याचा फायदा काय?

हे मी घरी बोललो तर बायको म्हणाली, "मग तुम्ही तत्काळचं तिकीट काढत नाही का?" काढतो. बरोबर प्रश्न आहे. शिर्डीला २०० रुपयांचा दर्शनपास आहे, तिरुपतीला ३०० चं विशेष दर्शन आहे, तिथंही आपल्याच घरची माणसं जातात. ती पुढं म्हणाली, ज्याच्यासोबत म्हातारं माणूस आहे, ज्याला संध्याकाळची गाडी पकडायची आहे, त्यानं हजार रुपये जास्त देऊन दिवस वाचवला तर त्यात काय वाईट? यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. दोन दिवस विचार केल्यावर सुचलं ते असं. तत्काळच्या जागा किती, हे ठरलेलं असतं आणि कोणालाही पाहता येतं. सर्वसाधारण कोट्यात आज किती शिल्लक, तेही दिसतं. ते पाहून मी ठरवतो, जायचं की नाही. पार्कात साध्या रांगेतल्या माणसाला हे कळत नाही की आज जादा चिठ्ठ्या किती विकल्या आणि दर फेरीतल्या किती जागा तिकडे जाणार. आणि आषाढीला पंढरपुरात व्हीआयपी दर्शन बंद ठेवतात ना? का? कारण गर्दीच्या दिवशी मधून घुसलेला एक माणूस मागच्या हजारांना थांबवतो, हे तिथल्या प्रशासनालाही मान्य आहे.

पार्क खासगी आहेत, दोन रांगा ठेवू नका असं मी म्हणत नाही. तिकीट काढण्याआधीच, संकेतस्थळावर आणि गेटवर, तीन गोष्टी लिहा. आज कुठल्या राइड बंद आहेत. साध्या रांगेत साधारण किती वेळ लागतो आहे. आणि जादा चिठ्ठीसाठी दर फेरीतल्या किती जागा राखल्या आहेत. गर्दीच्या दिवशी त्या जागांना मर्यादा घाला. ग्राहक म्हणून एवढं मागणं जास्त नाही. तिकिटावर कर घेणाऱ्या सरकारलाही हे नियमात लिहिता येईल. आपल्या लोकप्रतिनिधींपैकी कोणी ही पोस्ट वाचत असेल तर प्रश्न विचारायला हरकत नाही, अधिवेशन नागपूरलाच असतं.

शाळांच्या सहलींबाबतही हेच. शालेय सहलीला एसटी अर्ध्या भाड्यात मिळते, चांगली गोष्ट आहे. पण डिसेंबर-जानेवारीत सगळ्या जिल्ह्यांच्या सगळ्या शाळा एकाच ठिकाणी धडकतात. शंभर पोरं, चार गुरुजी, आणि दिवसभरात तीन राइड. मुख्याध्यापकांनी एकमेकांना फोन करून तारखा वेगळ्या घेतल्या तरी फरक पडेल. आणि उंची शाळेतच मोजा, वजनकाटा आणि पट्टी शाळेत असतेच.

ज्यांना यंदा जायचं आहे त्यांच्यासाठी शेवटचं कामाचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. १७ जूनची गाडी पाहिजे तर १८ एप्रिलला सकाळी आठला बसावं लागेल. शाळा कधी उघडणार ती तारीख तेव्हा पक्की असेलच असं नाही, म्हणून आईच्या भाषेत सांगतो, "तिकीट काढून ठेव बाबू, नाही जमला तं रद्द करता येते." पोरगा आता १२१ सेंटीमीटर झाला आहे. रोज चौकटीपाशी उभा राहतो.